धार तुटली त्या दिवशी

सोलापुरात लेकीकडे राहायला आल्यापासून माझ्या मराठीला सगळे हसतात. शेजारच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही कुंभकोणमचे की पेशवाईतले?" आमचे पूर्वज राजांच्या मागून तंजावरकडे उतरले आणि त्यांची बोली तिथेच राहिली, ट्रंकेत ठेवलेल्या शालूसारखी. घडीवर विरली, पण जरीकाठ शाबूत आहे. या नाताळ अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, जसं बोलता तसंच लिहा." तसं लिहून दिलं. आठ दिवसांनी कागद परत आले. "काका, कळेल असं लिहा हो." म्हणून हे दुसऱ्यांदा लिहितोय. आता कळलं नाही तर दोष बाईंचा.

मी घंटा ओतायचो. घंटा, समया, टाळ, पळ्या, जे काशाचं आणि पितळेचं असेल ते. जन्मभर तेच केलं. बहुतेक घंटा देवळांत गेल्या, थोड्या चर्चांत. मूर्ती मी कधी ओतली नाही. मूर्तींचं काम स्वामीमलैला चालतं, आणि ख्रिस्ती झाल्यावर ते मला करायचंही नव्हतं. घंटेचं तसं नाही. घंटेला तोंड असतं, चेहरा नसतो. ती नुसती हाक मारते. कुणाला मारायची ते टांगणारा ठरवतो. इकडचे लोक मला हळूच विचारतात, देवळाची घंटा ओतताना मनाला टोचत नव्हतं का? नाही टोचलं. टोचलं ते दुसरंच, आणि ते सांगायलाच बसलोय.

आधी घंटा कशी होते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आधी मातीचा गोळा करायचा, घंटेच्या पोकळीएवढा. माती कावेरीच्या गाळाची, मऊसूत. त्यावर मेण चढवायचं, जेवढी जाड घंटा हवी तेवढं. मेणावर पुन्हा मातीचे थर, एक वाळल्यावर दुसरा, आणि वाळवण सावलीत. मग साचा तापवायचा. मेण वितळून भोकातून बाहेर येतं आणि त्याची जागा रिकामी राहते. ते मेण आम्ही जोखून बघायचो. जेवढं घातलं तेवढं आलं पाहिजे. आत राहिलेलं मेण आणि मनात राहिलेलं पाप, दोन्ही ऐन वेळी उकळतात, असं आमचे मालक म्हणायचे. मग तो साचा तोंड वर करून जमिनीत पुरायचा आणि त्या रिकाम्या जागेत वितळलेलं कासं ओतायचं, म्हणजे तांबं आणि कथील.

ओतायचं म्हणजे कसं, हीच सगळी विद्या. दोघांनी लांब दांड्यांच्या सांडशीत मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, उचलायची. मागचा भार पेलतो, पुढचा कलवतो. पुढचा मी. तिसरा बाजूला उभा राहून काठीने धातूवरची मळी मागे सारतो. धार करंगळीएवढी, आणि सुरू झाली की साचा भरेपर्यंत तुटता कामा नये. शिंक नको, ठेच नको, कुणी हाक मारली तर ओ नको. एका श्वासापुरती जरी तुटली तरी आधीचं कासं वरून निवतं आणि नंतरचं त्याच्यावर बसतं, त्याच्यात मिसळत नाही. आत सांधा राहतो. बाहेरून घासूनपुसून घंटा लखलखीत दिसेल, पण वाजवली की मडक्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज. अशी घंटा फोडून पुन्हा वितळवण्याखेरीज उपाय नाही.

आमच्या मालकांचं नाव षण्मुगम आसारी. आम्ही त्यांना अय्या म्हणायचो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढले होते आणि हे ते कबूल करत नव्हते. सगळं कानाने करायचे. साच्यात धातू चढताना जो आवाज होतो तो ऐकून "पुरे" म्हणायचे आणि त्यांचं "पुरे" कधी चुकलं नाही. कडक माणूस. पण अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला घराबाहेर काढलं त्या आठवड्यात कोळशाच्या खोलीतली जागा झाडून मला निजायला दिली ती त्यांनीच. "शिंप्याच्या पोराला सुई सोडून भट्टी झेपेल का?" एवढंच विचारलं. दुसरं काही विचारलं नाही.

हो, मी शिंप्याचा मुलगा. अप्पांचं दुकान कुंभकोणमच्या मोठ्या बाजाराच्या रस्त्यावर होतं आणि एकादशीला आमच्या लोकांच्या मठात भजन. अप्पा टाळ घेऊन पुढे. विठोबावर त्यांची अशी निष्ठा, की पहिला टाका त्याच्या नावाने घातल्याशिवाय गिऱ्हाइकाचं कापड कापायलासुद्धा घ्यायचे नाहीत. माझं नाव त्यांनी पांडुरंग ठेवलं. आणि मला चर्चमध्ये पहिल्यांदा धाडलं तेही त्यांनीच! गाणाऱ्या मुलांच्या झग्यांची ऑर्डर आली होती, मापं घ्यायला जा म्हणाले. मी गेलो. मापं घ्यायला तीन दिवस पुरले असते, मी तीन महिने जात राहिलो. तिथे काय ऐकलं, काय वाटलं, ते सांगायला गेलो की माझं प्रवचन होतं आणि लेक उठून आत जाते, म्हणून सांगत नाही. पन्नास साल उलटून थोडेच दिवस झाले होते. मी बाप्तिस्मा घेतला, योहान झालो, आणि घरी जाऊन सांगितलं.

अप्पा ओरडले नाहीत. मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि म्हणाले, "आज विठोबा सोडलास. उद्यां तुझा येशूहि सोडशील. ज्याला सोडायची खोड लागली त्याचें काय?" मग दाराकडे बोट केलं आणि पुन्हा चाक फिरवलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. आई कधीमधी नदीच्या घाटावर भेटायची, तीही इकडेतिकडे बघत.

बाकी लोकांनी शिव्या दिल्या त्या मी विसरलो. अप्पांचं हे वाक्य मात्र मला कुसळासारखं सलत राहिलं, कारण शिवी नव्हती ती. अंदाज होता. आणि अप्पांचे अंदाज, मापाचे काय नि माणसाचे काय, सहसा चुकत नसत.

कारखान्यात माझी थट्टा करायचं काम मुरुगेसनने आपण होऊन पत्करलं होतं. मळी सारणारा तो. हाताचा हुशार आणि तोंडाचा त्याहून. त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही, जुन्याही नाही नि नव्याही नाही. त्याच्या लेखी मी 'पादरी'. दुपारी डबा उघडून मी डोळे मिटले की तो सगळ्यांना गप्प करायचा आणि मी डोळे उघडले की विचारायचा, "पादरी, नुसता ताकभात? सांग की तुझ्या येशूला, थोडं लोणचं धाड म्हणून." सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण ताकभात खरंच नुसता असायचा. पण रोज तोच विनोद सहा वर्षं खाल्ला की तोही आंबतो.

ओतण्याच्या दिवशी मात्र थट्टेला धार यायची. रीत अशी होती, की मूस उचलण्याआधी अय्या भट्टीची पूजा करायचे. कापूर पेटवायचे, तबक सगळ्यांपुढे फिरायचं, जो तो ज्योतीवरून हात फिरवून कपाळाला भस्म लावायचा. मी बाजूला उभा राहायचो आणि मनातल्या मनात माझ्या देवाला म्हणायचो, हात स्थिर ठेव. तबक माझ्यापुढून न थांबता जायचं. अय्यांनी तसं सांगून ठेवलं होतं. मुरुगेसन म्हणायचा, "अय्या, एके दिवशी अग्नी रागावेल याच्यावर." अय्या म्हणायचे, "अग्नीला कथील किती घातलं ते कळतं. बाकी त्याला काही कळत नाही."

तिरुनीलक्कुडीच्या वाटेवर एक लहानसं गाव आहे. तिथल्या शंकराच्या देवळासाठी मोठी घंटा सांगितली होती. गावच्या बायकांनी जुनी काशाची भांडी दिली होती, कुणी आजीची वाटी, कुणी फुटकी पळी. ओतायच्या दिवशी सकाळी गावचे पंच बैलगाडीने आले, नवी धोतरं नेसून. त्यांच्यासमोर पूजा झाली. तबक माझ्यापुढून गेलं ते त्यांनी पाहिलं आणि एक म्हातारा दुसऱ्याच्या कानाशी लागला. ते मुरुगेसननेही पाहिलं.

आम्ही मूस उचलली. मी कलवली, धार लागली. साचा निम्मा भरला असेल. माझे दोन्ही हात सांडशीला आणि डोळे धारेवर. बाकी सगळे झळ लागू नये म्हणून मागे सरलेले. तेवढ्यात मुरुगेसन शेजारून वाकला आणि अंगठ्याने माझ्या कपाळावर भस्म ओढलं, या कानापासून त्या कानापर्यंत. घामाबरोबर ते डोळ्यात उतरलं. मी मान झटकली. धार तुटली.

एक श्वास, फार तर दीड. मी पुन्हा धरली आणि साचा भरला. अय्या म्हणाले, "पुरे," पण नेहमीसारखं नाही, जरा थांबून.

आता जे सांगतो ते मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पंचांना धारेतलं काय कळणार? त्यांना दिसलं ते माझं कपाळ. तो म्हातारा पुढे आला, डोळ्यांत पाणी. "घंटेनं पादऱ्यालाही नमवलं!" म्हणाला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. कारखान्यातले सगळे गोळा झाले. कुणीतरी कॉफी मागवली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला आपल्यात घेऊन बसवलं, कॉफीची पितळी वाटी आणि पेला, दवरा-टंबलर, हातात दिला. मुरुगेसनही हसत होता, पण थट्टेचं नाही, आपल्या माणसाशी हसतात तसं. नुसतं टॉवेलने कपाळ पुसलं असतं तर झालं असतं. टॉवेल खांद्यावरच होता.

मी नाही पुसलं. कॉफी प्यालो. फार चांगली लागली ती कॉफी. आणि अय्यांनी, "धार बरी होती ना रे?" असं विचारलं तेव्हा, "बरी होती," म्हणालो.

दुपारी त्यांच्याच बरोबर बाजारातून गेलो. अप्पांच्या दुकानावरून जाताना माझी मान आपोआप खाली जायची. त्या दिवशी मी वर पाहिलं. अप्पा दारातच होते, दाताने दोरा तोडत. त्यांनी माझं कपाळ पाहिलं. दोरा तोंडातच राहिला. मला वाटलं होतं, त्यांना थोडा तरी आनंद होईल. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते माप बरोबर निघाल्याचं समाधानही नव्हतं. शरम होती. माझी शरम ते भोगत होते.

तिथून मी थेट नदीवर गेलो आणि तोंड धुतलं. राखच ती, लगेच गेली. पण तसं सोपं असतं तर काय हवं होतं!

साचा निवायला चार दिवस लागायचे होते. ते चार दिवस मी कसे काढले ते देवाला ठाऊक. खरं तर दोन गोष्टी होत्या आणि मुरुगेसन सोडला तर दोन्ही मलाच माहीत होत्या. धार तुटली होती, आणि भस्म मी घेतलं नव्हतं. एक सांगितली की दुसरी सांगावी लागणार होती. न सांगता भागण्यासारखं होतं. सांधा निघाला तरी माती ओली होती, मेण राहिलं होतं, कशावरही ढकलता आलं असतं. आणि नुसतं गप्प राहायचं, एवढ्यावर मला सगळे सोबती मिळाले होते. रविवारी चर्चला गेलो, पण आत जाववलं नाही. बाहेरच्या पिंपळाखाली बसून गाणी ऐकली. अप्पा म्हणाले होते, सोडायची खोड. तेच कानात.

पाचव्या दिवशी पंच पुन्हा आले. साचा फोडला, घंटा काढली, देखणी निघाली. अय्यांनी ती दोराने टांगली, कान जवळ नेला आणि लाकडाने टोला दिला. ठप. पुन्हा दिला. ठप. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. कुणाच्या आजीची वाटी होती हो त्यात.

"काय झालं?" पंचांनी विचारलं.

मुरुगेसन घाईघाईने म्हणाला, "माती ओली असणार." भीती होती त्याच्या आवाजात. त्याला कळलं होतं.

मी म्हणालो, "माती सुकी होती. धार तुटली. माझ्या हातून तुटली आणि मला तेव्हाच कळलं होतं. अय्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो." मग म्हणालो, "आणखी एक. त्या दिवशी माझ्या कपाळावर राख होती. ती मी लावली नव्हती. पण पुसलीही नाही, कारण तुम्ही सगळे माझ्याशी गोड बोललात. मी ख्रिस्ती आहे. ख्रिस्तीच राहणार. तुमची घंटा बिघडली याचं मला फार वाईट वाटतंय, पण मी तुमच्या देवाकडे आलोय असं समजून तुम्ही मला कॉफी पाजलीत, ते खरं नव्हतं."

म्हाताऱ्याने घंटेवरून हात फिरवला. मग अय्यांकडे वळून म्हणाला, "घंटा पुन्हा ओता. पण या हाताने नको." दुसरा पंच जास्त बोलला. चार गावांत सांगेन म्हणाला.

तुम्हाला वाटत असेल, आता अय्या माझी बाजू घेतील. मलाही वाटलं होतं. अय्या म्हणाले, "नाही ओतणार तो." आणि माझ्या हातातली सांडशी काढून घेतली. घंटा दुसऱ्यांदा ओतली ती मुरुगेसनने. मी मागच्या अंगणात माती मळत बसलो होतो तिथे तिचा आवाज आला, खणखणीत, लांबवर जाणारा. मी हातातला मातीचा गोळा भिंतीवर आपटला. देवावर विश्वास असलेल्या माणसाला मत्सर होत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

त्या संध्याकाळी मुरुगेसन अंगणात आला. "माझं नाव का नाही घेतलंस?"

"राख तू लावलीस. धार मी तोडली. सांडशी ज्याच्या हातात, ओतणं त्याचं." मी चिडूनच बोललो. क्षमा वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. तो उभा राहिला, पाय बदलले आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याने लोणच्याचा विनोद केला नाही. बाकीच्यांनी मात्र उट्टं काढलं. पंधरा दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. चर्चमध्ये मी उभा राहून सगळं सांगितलं, तर तिथेही दोन बाकं माझ्याभोवती रिकामी राहायला लागली. म्हातारे उपदेशक तेवढे माझ्याशेजारी येऊन बसायचे आणि प्रार्थनेत घोरायचे. त्या घोरण्याचे माझ्यावर उपकार आहेत.

अय्यांनी मला हाकललं नाही, पण किरकोळ कामावर बसवलं. टाळ, घुंगरं, हातातल्या लहान घंट्या. घंटा ओतणाऱ्याला टाळ करायला सांगणं म्हणजे हत्तीच्या माहुताला शेळ्या राखायला सांगणं. पहिले दोन महिने मी रोज मनात राजीनामा दिला. मग एक दिवस कंटाळून एक टाळ दुसऱ्यावर घासत बसलो होतो, आणि ऐकू यायला लागलं. टाळांची जोडी एकाच मुशीतून, एकाच धारेतून ओततात. पण दोन्ही अगदी एका सुराचे झाले तर आवाज लगेच मरतो. एकाची कड केसभर जास्त घासायची. मग दोघांच्या आवाजात जरासा फरक पडतो आणि तो फरक हवेत थरथरत राहतो, दम धरतो. हे मला कुणी शिकवलं नाही. सांडशी हातात असती तर मी ते कधी शिकलो नसतो. वर्षभरात माझ्या टाळांचं नाव झालं. पट्टीश्वरमपासून भजनी मंडळी विचारत यायला लागली. देवाने मला अंगणात का बसवलं ते देव जाणे, पण आज मागे पाहतो तर त्या अंगणाचे उपकार फार आहेत.

टाळांवर नाव कोरायची रीत आहे. नाव नेहमी देणाऱ्याचं. करणाऱ्याचं कधीच नाही. आणि अय्यांचा कडक नियम होता, की गिऱ्हाइकाने नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं, कारागिराने ते मोठ्याने परत म्हणायचं, मगच छिन्नी लावायची. पूर्वी एकदा कुणा जिवंत सावकाराऐवजी त्याच्या मेलेल्या भावाचं नाव कोरलं गेलं होतं म्हणे.

एके दिवशी सकाळी मी कानस चालवत होतो. समोर सावली पडली. वर पाहिलं तर अप्पा.

आमचं शेवटचं बोलणं होऊन सात वर्षं होत आली होती. केस पांढरे झाले होते. मी उठलो. पाया पडावं की नाही ते कळेना, तसाच उभा राहिलो. मुरुगेसन मागे भट्टीपाशी होता, त्याने भाता ओढायचा थांबवला.

"टाळ पाहिजे," अप्पा म्हणाले, माझ्याकडे न बघता. "मठाला. जुने फुटले. तूं बेष करतोस म्हणून ऐकिलें."

मी तयार जोड्या पुढे केल्या. त्यांनी एकेक वाजवून पाहिली, कान देऊन, डोळे मिटून. चौथी जोडी त्यांनी तीनदा वाजवली. "यांत एक वेगळा बोलतो," म्हणाले.

"तसंच असतं अप्पा. दोन्ही एकसारखे बोलले तर गाणं टिकत नाही."

त्यांनी ती जोडी बाजूला ठेवली. काखेतून एक फडक्यात बांधलेली बरणी काढली आणि माझ्या कामाच्या पाटावर ठेवली. "तुझी आई धाडली. लिंबाचें लोणचें." मागे मुरुगेसनला ठसका लागला.

मग अप्पा बसले, कोळशाच्या पोत्यावर, धोतराची पर्वा न करता. "त्या दिवशीं तुझ्या कपाळावर पाहिलों," ते म्हणाले. "घरीं जाऊन जेवलों नाही. मला वाटलें, माझें बोलणें खरें जालें. विठोबा सोडला ते सोडला, आतां दुसऱ्यालाहि सोडला. असा कसा मुलगा जन्मला मला?"

"मी लावलं नव्हतं अप्पा. पण पुसलंही—"

"ठाऊक आहे. तो सांगिटला." त्यांनी मागे बोट दाखवलं. "शर्ट शिवायला येतो माझ्याकडे. माप देतां देतां रडला. सगळें सांगिटला. त्यानें लावलें, तूं त्याचें नांव घेतला नाहीस, चौघांपुढें आपलें नांव सांगिटलास आणि हातचें काम घालवलास." त्यांनी फडकं उलटसुलट केलं. "हें बघ. तूं विठोबा सोडलास तें मी मरेतों विसरणार नाही. तुझ्या घरीं जेवणार नाही. पण धरलेलें सोडला नाहीस. ती खोड माझ्या घरचीच."

त्यांनी बाजूला ठेवलेली जोडी मी पाटावर घेतली.

"नांव घाल," ते टाळांकडे बघून म्हणाले.

"तुमचं घालतो."

"माझें नको. करणाराचें घाल."

"तशी रीत नाही अप्पा."

"देणारा मी आहें ना? मग रीत मी सांगतों. करणाराचें घाल."

मी छिन्नी उचलली. आता मला विचारायलाच हवं होतं. त्यांनी पांडुरंग म्हटलं असतं तर मी ते कोरलं असतं का? मला अजून ठाऊक नाही. मी म्हणालो, "कोणतं घालू? अय्यांचा नियम आहे, गिऱ्हाइकाने तोंडाने सांगायचं."

अप्पांनी भट्टीकडे पाहिलं, मग लोणच्याच्या बरणीकडे. ओठ दोनदा हलले.

"योहान," ते म्हणाले.

नियमाप्रमाणे आता मी ते मोठ्याने परत म्हणायचं होतं. मला म्हणता येईना. अप्पा वाट बघत होते. तेव्हा मागून, भट्टीपाशी उभ्या असलेल्या मुरुगेसनने माझ्या वतीने म्हटलं, "योहान."